धरम मार्ग

माझ्या टेबलावर रोज न्हावा शेवा येतं. लंडनच्या पश्चिमेला एका मालवाहतूक कंपनीत मी कागदपत्रांचं काम करतो. मुंबईकडून कंटेनर निघाला की बिल ऑफ लेडिंगवर माल कुठल्या बंदरात चढला त्या रकान्यात हे नाव येतं, नाहीतर नुसता आयएनएनएसए असा पाच अक्षरांचा कोड. ऑफिसातले सगळे ते एकाच दमात, एकच शब्द असल्यासारखं म्हणतात. ती दोन गावं आहेत. न्हावा अजून आपल्या जागेवर आहे. शेवा नाही. बंदर यायचं ठरलं तेव्हा शेवा उठलं. काही घरं नवीन शेव्यात गेली, कोळीवाड्यातली माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात. 1989 साली बंदर सुरू झालं आणि जे गाव जागेवर उरलं नव्हतं त्याचं नाव जगभरच्या कागदांवर गेलं.

आई लग्न होऊन शेव्यात आली होती. गाव सुटलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा. मला एक विहीर आठवते, आणि बैलगाडीवर उलटी ठेवलेली आमची चूल. बाकी सगळं आईकडून ऐकलेलं.

यंदा ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आई माळकरी आहे. नारळी पौर्णिमा झाली की आठव्या दिवशी गोकुळाष्टमी, हा हिशेब तिला कॅलेंडरशिवाय येतो. वॉटफर्डजवळ कृष्णाचं मोठं देऊळ आहे असं लेकीनं सांगितल्यावर तिनं घरात दुसरा विषय काढू दिला नाही. अष्टमीला तिथे हजारोंनी माणसं लोटतात आणि आईचे गुडघे रांगेत टिकत नाहीत, म्हणून आम्ही आदल्या शनिवारी निघालो. बायकोनं डब्यात दहीकाला घेतला. पोहे, लाह्या, काकडी, लिंबाच्या लोणच्याची एक फोड. इथल्या दह्याला घरची आंबट चव नाही, म्हणून आईनं दोन दिवस आधीच स्वतः विरजण लावलं होतं.

हिलफील्ड लेनवरून देवळाकडे वळताना पाटी लागते. लेकीनं मोठ्यानं वाचली, "धरम मार्ग." इंग्लंडच्या हिरव्या कुंपणांमध्ये हे नाव पाहून आई सरसावून बसली. "हा कोनी घातला?" तिनं विचारलं. या रस्त्याची गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून गाडी कडेला घेऊन सांगितली.

हे देऊळ म्हणजे जुना पिगॉट्स मॅनर, एक भलामोठा वाडा. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं 1973 साली तो विकत घेऊन हरे कृष्ण मंडळींना दिला आणि त्याच वर्षी जन्माष्टमीला तिथे राधा-गोकुळानंद बसले. शेजारी लेचमोर हीथ नावाचं छोटंसं गाव, तळं आणि हिरवळ असलेलं. देवळात जायची वाट त्याच गावातून. सणासुदीला त्या अरुंद गल्लीत गाड्यांची रीघ लागायची आणि गावकरी मेटाकुटीला यायचे. तक्रारी झाल्या, वर्षानुवर्षं खटले चालले आणि 1994 साली सार्वजनिक पूजेवर बंदी अमलात आली. हजारो भाविक लंडनच्या रस्त्यावर उतरले. शेवटी 1996 साली परवानगी मिळाली ती या अटीवर की गावाला वळसा घालून नवी वाट काढायची. तीच ही वाट.

आई गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे गाव नय हलवला, रस्ता हलवला?"

मी हो म्हटलं. पुढे काही बोलता आलं नाही. दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही हे मला कळतं. बंदराला खोल पाणी लागतं, ते शेतातून वळवून नेता येत नाही. त्या बंदराच्या मालावर माझी भाकरी आहे. तरीही तिचा प्रश्न खरा आहे. एका बाजूला पूजेचा हक्क, दुसऱ्या बाजूला गावाची शांतता. दोन्ही बाजूंची माणसं वर्षानुवर्षं हटून बसली आणि त्यातून शेतातली वाट निघाली. तिकडे 1984 साली जमीन संपादनाविरुद्ध उरण-जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं उभी राहिली, पाच जणांनी गोळ्या झेलल्या, आणि त्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मिळाला. आमच्याकडे मागायला आणि द्यायला एवढंच उरलं होतं. गाव तिथेच राहू दे, असं म्हणायची वेळ निघून गेली होती.

देवळात पडदा उघडला तेव्हा आई हात जोडून पुढे गेली आणि थबकली. तिचा देव काळा, कमरेवर हात ठेवलेला. इथला संगमरवरी, गोरा, हाती बासरी. जरा वेळ ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. मग गळ्यातली माळ मुठीत धरून तिनं डोकं टेकलं. शेजारी टिळा लावलेली एक इंग्रज बाई डोळे मिटून जप करत होती. उठताना आईनं तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि त्या बाईनं डोळे न उघडताच तिचा हात धरला.

बाहेर गोशाळेजवळ डबा उघडला. लेकीनं विचारलं, हे देव इथे आले कसे? मी तिला हरे कृष्ण पंथाचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी यांच्याबद्दल सांगितलं. 1965 साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते कलकत्त्याहून 'जलदूत' नावाच्या मालवाहू बोटीवर बसून अमेरिकेला निघाले. बोट सिंदिया कंपनीची, आणि त्यांना जागा दिली ती मुंबईच्या सुमती मोरारजींनी. वाटेत त्यांना हृदयविकाराचे झटके आले. आई काल्याचा घास हातात धरून ऐकत होती. "मालाचे बोटीतून?" म्हणाली. "मंग तो आपलेच वाटेनं आला."

परतताना तिनं ते जुनं गाव पाहायचं म्हटलं. तळ्याकाठी बदकं होती, एक म्हातारे गृहस्थ घरापुढचं कुंपण कातरत होते. आई काठीवर भार देत प्रत्येक दार निरखत चालली. एका घराच्या भिंतीला हात लावून पाहिला. लेकीनं विचारलं, "आजी, तुझं घर कुठे आहे गं?"

"तारेचे कुंपनाचे आत," आई म्हणाली. "तुज्या बाबाचे कागदावर नाव येतं, तेच."

म्हाताऱ्या गृहस्थांनी कातर खाली ठेवून हात उंचावला. आईनंही हात जोडले. "राम कृष्ण हरी," म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे वळली.