कुंडी आणि माती

उमरीत आमच्या मोहल्ल्यात बाग म्हटली की डोळ्यांसमोर जमीन येत नाही, डबे येतात. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, तडा गेलेला रांजण, सिमेंटच्या गोण्या. घरं एकमेकांना खेटून उभी. अंगण म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जागा, तीही शहाबादी फरशीची. त्या फरशीवर मोगरा, मेंदी, पुदिना, लिंबू नांदतात. कुणाकडे डाळिंब असतं, एखाद्या हौशी घरी अंजीरही. कुरआन शरीफमध्ये अंजिराच्या नावाने एक सूरह आहे आणि सूरह रहमानमध्ये डाळिंबाचा उल्लेख आहे, म्हणून या दोन झाडांना आमच्या घरांतून जरा जास्तच मान मिळतो.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलीने मोबाईलवर पाहिलेल्या ब्लूबेरीबद्दल विचारलं, "सर, ये अपने पास कायकू नै उगती?" उर्दू शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ते आम्ही शोधलं आणि त्या नादात आमच्याच डब्यांकडे नव्याने पाहू लागलो.

उत्तर मातीत आहे. आपली काळी कसदार जमीन कापूस, सोयाबीन, हळद पिकवते, पण ती चुनखडीची आहे. तिचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. ब्लूबेरीला मात्र आंबट माती लागते, सामू साडेचार ते साडेपाच. आकडे जवळचे वाटतात, पण सामूची एक पायरी म्हणजे दहा पट फरक, तीन पायऱ्या म्हणजे हजार पट! चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्या लिंबाच्या झाडावर हे दुखणं अनेकांनी पाहिलं असेल. त्यात ब्लूबेरीची मुळं उथळ आणि नाजूक, त्यांना मूलरोमही नसतात.

हे कोडं अमेरिकेतसुद्धा बरीच वर्षं सुटलं नव्हतं. रानात हे झुडूप मजेत वाढायचं आणि चांगल्या खताच्या बागेत आणलं की झुरायचं. फ्रेडरिक कोविल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते कुंड्यांमध्ये वेगवेगळ्या मातीत लावून पाहिलं आणि 1910 साली लिहिलं की या झाडाला आंबट माती हवी. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी घरातल्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांना आपल्या जमिनीवर प्रयोग करायला बोलावलं. रानातली मोठ्या फळांची झुडपं हुडकणाऱ्या गावकऱ्यांना त्या बक्षीस देत. 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या या फळाची वाट कुंडीतून निघाली, ही गोष्ट वर्गाला फार आवडली.

मग उमरीत ती लावता येईल का? कुंडीत प्रयत्न करता येईल, कारण कुंडीतली माती आपण ठरवतो. काळी माती अजिबात नको. नारळाच्या काथ्याचा भुसा, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी वाळू. चुलीची राख आपण सवयीने झाडाला घालतो, ती इथे विषच, कारण ती मातीचा आंबटपणा मारते. बोअरचं जड पाणी चालत नाही, पावसाचं साठवलेलं चालतं. जातही कमी थंडीची हवी. 1998 मध्ये अमेरिकेत निघालेली बिलॉक्सी ही तशी जात, आज पेरूसारख्या उबदार देशात पिकते. तरीही आपला मे महिना राहतोच. बेचाळीस अंशांच्या उन्हात डबा तापतो आणि मुळं भाजतात. सावली करा, डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. एवढं करून मूठभर फळं!

आम्ही ब्लूबेरी लावली नाही. प्रश्न पाण्याचा होता. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते मराठवाड्यात कोण विसरेल? त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी वजूखाली तसराळं ठेवतात. ते पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते पाक असतं आणि झाडाला देता येतं. पाच वेळच्या वजूवर आमचं डाळिंब आणि अंजीर तगतात. त्यांना चुन्याचं वावडं नाही. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी उधळू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण मुलांना कळायला तसराळ्याइतका चांगला धडा नाही.

कुंडीची गोष्ट आम्हांला आणखी एका कारणाने लागते. एका स्नेह्यांनी एकदा सहज म्हटलं, "तुमची मुलं उर्दू शाळेत म्हणजे कुंडीतच वाढतात. इथल्या मातीत त्यांची मुळं कधी जाणार?" रागवावं असं त्यांच्या मनात काही नव्हतं. पण या जिल्ह्यात उर्दू बाहेरून आणून ठेवलेली नाही. निजामाच्या राज्यात ती राजभाषा होती, याच काळ्या मातीचे कागद तिच्यात लिहिले गेले. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, असं आमचं मूल तीन पाण्यांवर वाढतं.

तरी त्यांच्या बोलण्यातलं खरं तेवढं घ्यायला हवं. कुंडीत दोन-तीन वर्षं झाली की मुळं भिंतीला लागतात आणि गोल गोल फिरू लागतात. वरून झाड हिरवं दिसतं, आत माती उरलेली नसते. अशा वेळी झाड बाहेर काढावं, वेढे घातलेली मुळं कापावीत, नवी माती द्यावी आणि डबा मोठा करावा. अंजिराला थोडी आवळलेली मुळं मानवतात, फळं जास्त धरतात. मायबोलीच्या माध्यमाचंही तसंच आहे, लहानपणी त्या ऊबेत समज पक्की होते. पण दहावीनंतर आमच्या मुलांना मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसावंच लागतं. तिथे पहिल्या बाकावर बसायचं की शेवटच्या, हे त्यांची मराठी ठरवते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. आमच्या लेखी मात्र ती सक्ती नाही, मोठा डबा आहे. मुलांनी मराठीत नुसतं पास होऊ नये, मराठीत भांडावं, हसावं, अर्ज लिहावा, कथा लिहावी.

म्हणून पाचवीपासूनच मराठीच्या तासाला आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवतो. मुलं आपापल्या घरच्या डब्यांची नोंद मराठीत लिहितात: कोणतं झाड, किती पाणी, कधी फूल आलं. शुद्धलेखन चुकतं, वाक्यं तुटतात, मध्येच दखनी शब्द येतो. तो आम्ही खोडत नाही, शेजारी मराठी शब्द लिहून देतो. मुळं तोडायची नसतात, त्यांना फक्त जागा करून द्यायची असते.