दिवाण-ए-खासमधील रिकामा चौथरा

वाचकहो, दिल्लीच्या लाल किल्ल्यात कधी जाल, तेव्हा दिवाण-ए-खासमधील संगमरवरी चौथऱ्यापुढे क्षणभर थांबा. मयूरासन येथे होते, असे सांगतात. १७३९ मध्ये नादिरशहाने ते इराणास नेले. परंतु त्याआधी सुमारे पाऊणशे वर्षे त्याची कीर्ती दोन फ्रेंच प्रवाशांच्या लेखणीतून युरोपात पोहोचली होती.

ताव्हेर्निए हा जवाहिऱ्या. १६६५ मध्ये औरंगजेबाने त्याला आपली रत्ने पाहू दिली. या गृहस्थाने सिंहासनावरील मोठी माणके चक्क मोजली. ती सुमारे १०८ भरली. पाचू सुमारे ११६. रंगाने चांगले, पण बरेचसे सदोष, असा शेराही त्याने मारला आहे. सौदागराची नजर ती! हिंदुस्थानातून नेलेला एक मोठा निळा हिरा त्याने पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईस विकला आणि १६७६ मध्ये आपले प्रवासवृत्त छापले.

दुसरा बर्निए. हा वैद्य, दानिशमंदखान या उमरावाच्या पदरी होता. फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर यास त्याने कळविले, की जगभर फिरून सोनेरुपे अखेर हिंदुस्थानात येते आणि येथेच जिरते. अमेरिकेतील खाणींचे रुपेदेखील तुर्कस्थान-इराणमार्गे इकडेच वाहते. याच कोल्बेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापिली होती. अशा मंत्र्यास हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी.

मात्र बर्निए केवळ सोने मोजणारा नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक जवळचा वाटतो. १६६३ मधील एका पत्रात त्याने दिल्लीचे रस्ते वर्णिले आहेत. उमरावांच्या हवेल्यांभोवती माती-गवताच्या असंख्य झोपड्या होत्या; एकाच वर्षी तीनदा आग लागून साठ हजारांहून अधिक छपरे जळाली. येथे माणूस एक तर अतिश्रीमंत, नाही तर कंगाल. मधली स्थिती नाही, असे तो म्हणतो. कारागिराचे हात कुशल, परंतु मोबदला तुटपुंजा, प्रसंगी चाबूकच. कोल्बेरला लिहिलेल्या पत्रातही हे दैन्य त्याने लपविलेले नाही.

१६७० मध्ये त्याचा ग्रंथ पॅरिसला निघाला व लवकरच इंग्रजीत आला. १६७५ मध्ये ड्रायडनने औरंगजेबावर नाटक लिहून ते लंडनच्या रंगभूमीवर आणले. बादशहा तेव्हा दिल्लीपती होता! त्या नाटकात राजपुत्र आहेत, राण्या आहेत. जळालेल्या छपरांखालची माणसे मात्र नाहीत.

किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून बाहेर पडून चांदणी चौकाने सरळ पश्चिमेकडे गेलात, की खारी बावली लागते. बल्ख, बुखारा, समरकंदहून येणारा सुकामेवा बर्निएने दिल्लीच्या बाजारात पाहिला होता. बदाम-पिस्त्यांची पोती तेथे आजही दिसतात.