माई गो!

परदेशात भाषा येत नाही म्हणून माणूस उपाशी मरत नाही. फार तर भलतंच खातो. पण जिथे मजा करायला तिकीट काढून जायचं, तिथे भाषा न येणं ही मोठी पंचाईत. दुःख कुठल्याही भाषेत कळतं हो. विनोद कळायला व्याकरण लागतं.

आमचे चिरंजीव टोकियोत निशि-कासाईला राहतात. 2000 सालच्या त्या संगणकी घोळाच्या सुमारास आपल्याकडचे बरेच इंजिनिअर जपानात गेले आणि त्यांतले पुष्कळजण या निशि-कासाईत स्थिरावले. त्यामुळे तिथे हिंगाची चणचण नाही. तिथून टोकियो डिस्नेलँड अगदी जवळ. हे डिस्नेलँड 15 एप्रिल 1983 रोजी उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलंच. नावात टोकियो असलं तरी ते टोकियोत नाही. गाव उरायासू, प्रांत चिबा आणि जमीन समुद्र बुजवून केलेली. मुंबईच्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार?

तर स्वारीत मी, सौ., चिरंजीव, सूनबाई, सहा वर्षांचा नातू आणि माझी आई. आईला सगळं गाव माई म्हणतं. वय 82, भाषा एकच: रत्नागिरीकडची मराठी, वाक्यागणिक 'गो' लावून. नातवाची भाषाही जवळजवळ एकच: जपानी. "त्याला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही," असं सूनबाई सांगतात. पूर्वी नव्या सुनांबद्दल असं सांगत. पणजी मराठीत विचारणार, पणतू जपानीत उत्तर देणार आणि मध्ये चिरंजीव दुभाषे. तीन आठवड्यांत त्या दोघांचं एकही वाक्य मध्यस्थाशिवाय झालं नव्हतं. माई बोलली काहीच नाही. पण पणतवाला सांगायच्या म्हणून तिने घरून आणलेल्या गोष्टी बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीसारख्या बांधलेल्याच राहिल्या होत्या.

मी आपला एक ते दहा जपानी आकडे पाठ करून गेलो होतो. सातला तिकडे 'नाना' म्हणतात. पहिल्याच रांगेपाशी गणवेशातली मुलगी गोड आवाजात "नाना-जुप्पुन" असं सांगत उभी होती. म्हणजे सत्तर मिनिटं थांबा. आमचे नाना आयुष्यात कधी सत्तर मिनिटांच्या आत कुठे पोचले नाहीत, त्यामुळे हा आकडा मला चटकन वळला.

ती रांग जंगल क्रूझची. नावाडी सुकाणू धरून अखंड बोलत होता आणि बोट दर अर्ध्या मिनिटाला हसत होती. न हसणारे दोघंच: मी आणि पाण्यातला खोटा हत्ती. शेवटी लोकांचं बघून मीही हसू लागलो. पण ते एक विनोद मागे. नावाडी गंभीर चेहऱ्याने मगरी दाखवत असताना मी एकटाच खदखदत होतो. माई मात्र अगदी वेळेवर हसत होती.

"तुला काय कळलं?" मी विचारलं.

"अरे, तो गमतीने सांगतोय हे दिसतंय ना! तू अर्थ कशाला शोधतोस?"

त्या दिवशी नेमकी एकादशी. जेवायच्या वेळी मी सुपाकडे बोट दाखवून, मग माईकडे बोट दाखवून, चालेल का असं खुणेने विचारलं. वाढणाऱ्या मुलीने नाकासमोर हात हलवला. आपल्याकडे याचा अर्थ 'वास येतोय'. जपानात त्याचा अर्थ 'नाही'. चिरंजीवांनी खुलासा केला: सुपात 'दाशी' आहे. दाशी म्हणजे सुक्या माशाचा कीस आणि समुद्रातलं शेवाळ यांचं पाणी. जपानी स्वयंपाकात ते आपल्या फोडणीसारखं सर्वत्र असतं. "म्हणजे एका दाशीने एकादशी मोडायची गो!" असं म्हणून माईने पिशवीतली राजगिऱ्याची वडी काढली.

दुपारी वाजतगाजत मिरवणूक निघाली. सगळे माना उंचावून बघत होतो. मिरवणूक सरली, गर्दी पांगली आणि बघतो तर माई नाही. नऊवारी, वर स्वेटर, पायात मोजे, अशी बाई त्या आवारात दुसरी असणं शक्य नव्हतं. पण तीही दिसेना. तिचा फोन सूनबाईंच्या पर्समध्ये. पोटात गोळा आला. मुलुखात आपलं नाव-गाव कोणाला कळणार नाही, आणि बाई ब्याऐंशीची!

चिरंजीव एका दिशेला धावले, सौ. आणि सूनबाई दुसऱ्या. मी नातवाचा हात धरून तिसऱ्या. भेटेल त्या गणवेशापुढे मी भाषांतराचा फोन धरला आणि सांगितलं, "आमची माई चुकली आहे." फोन जपानीत बोलला. तरुणाने कमरेत वाकून उत्तर दिलं. फोनने त्याची मराठी केली: "काळजी नको. सगळेच चुकतात."

मग मी यंत्र खिशात टाकलं आणि कोकणी पद्धतीने सरळ हाक घातली, "माई! माई गो!"

त्यासरशी एक मुलगी धावत आली. जपानीत 'माइगो' म्हणजे हरवलेलं मूल! अशा मुलांसाठी तिथे खास खोली असते. तिने नातवापुढे गुडघ्यांवर बसून हरवलेल्या बाळाचं वय विचारलं. नातू म्हणाला, "हाची-जू-नी." म्हणजे ब्याऐंशी. हाचि जुनी! जपानीत माईच्या वयाला इतका चोख शब्द असेल, असं मला वाटलं नव्हतं. मुलीने पुन्हा विचारलं. नातवाने पुन्हा तेच सांगितलं आणि हाताने नऊवारीचा कासोटा दाखवला. ती काय ते समजली आणि आमच्याबरोबर शोधायला निघाली.

माई सापडली ती बाकावर. शेजारी तिच्याच वयाच्या एक जपानी बाई. त्या म्हणत होत्या, "सो का, सो का." माई म्हणत होती, "असं का!" दोघींच्या माना एका तालात.

चिरंजीवांनी मागाहून उलगडून सांगितलं. 'सो का' म्हणजे 'असं का'. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, प्रश्नाच्या टोकाला 'का' असतो आणि आपण जिथे 'ना?' म्हणतो तिथे ते 'ने?' म्हणतात. आश्चर्य वाटलं की "अरे?" सुद्धा म्हणतात. एवढ्या भांडवलावर दोघी अर्धा तास बोलत होत्या.

"तिचे गुडघे धरतात," माई म्हणाली. "आणि मुलगा लांब असतो. वर्षातून एकदा येतो."

"तुला कसं कळलं?"

"सांगितलंन की तिने!"

चिरंजीवांनी त्या बाईंकडे चौकशी केली. गुडघे बरोबर निघाले. मुलगा नव्हे, मुलगी, ओसाकाला असते. दहापैकी आठ गुण द्यायला हरकत नाही. मला जंगल क्रूझमध्ये दोनसुद्धा मिळाले नसते.

परतताना बसमध्ये नातू आपण होऊन माईशेजारी जाऊन बसला. त्या बाईंनी दिलेली गोळी एकादशीमुळे पदराच्या गाठीत होती. ती माईने सोडून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती गालात सरकवली आणि विचारलं, "पणजी, तू परत हरवणार का?"

आम्ही सगळे गप्प. त्यातला 'का' मराठी की जपानी, देव जाणे. बाकीचे चार शब्द मात्र आपले होते.

चिरंजीव सवयीने भाषांतर करायला पुढे वाकले. माई म्हणाली, "तू गप रे. आम्ही बोलतोय."