धक्का लागला

मराठीचा प्राध्यापक म्हटला म्हणजे त्याला व्यवहारातले काही कळत नाही, अशी आमच्या घरात पूर्वापार समजूत आहे. लाइटबिल भरायचे असो, सिलिंडरचा नंबर लावायचा असो, की सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलायचे असो; ती सारी खाती सौभाग्यवतींकडे आहेत. माझ्याकडे खाते एकच, शुद्धलेखनाचे. चिरंजीवांनी 'आणि'तला 'णि' दीर्घ लिहिला, की तेवढ्यापुरता मी या घरचा कर्ता पुरुष! पण गेल्या आषाढात अशी एक गोष्ट घडली, की 'कर्ता' या शब्दाचा अर्थ मलाच नव्याने शिकावा लागला.

आम्ही राहतो माणला. हे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे दहिवडीकडचं का?" नव्हे. साताऱ्याचे माण वेगळे. आमचे माण मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून. ज्या शिवारात भाताची खाचरे होती तिथे आयटी पार्कचा तिसरा टप्पा आला, मागोमाग वीसवीस मजली इमारती आल्या, नंतर मेट्रोचे खांब आले. गावात अजून ग्रामपंचायत आहे. रस्त्यावर मात्र शहराची वर्दळ. सिमेंट कालवीत जाणारे अजस्र फिरते डबे, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्या फटीफटीतून निघणाऱ्या आमच्यासारख्यांच्या स्कूटर.

आमची स्कूटर सौभाग्यवतींच्या नावावर आहे. तिची चावी दाराशी खुंटीवर असते. चिरंजीव साडेसोळा वर्षांचे, अकरावीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती चावी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा अट अशी होती, की पार्किंगमधून फाटकापर्यंतच जायचे. मग फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. हा कोपरा मोठा विलक्षण निघाला! तो हळूहळू पुढे सरकू लागला. आधी तो दुधाच्या दुकानाशी होता, मग गावातल्या मंडईशी गेला, आणि हां हां म्हणता हिंजवडीच्या क्लासपर्यंत जाऊन पोचला. या प्रवासात मी कधी 'हो' म्हटल्याचे मला आठवत नाही. पण 'नाही' म्हटल्याचेही आठवत नाही. उलट शेजारचे गृहस्थ एकदा "मुलगा हाताशी आला हो तुमचा" असे म्हणाले, तेव्हा मला बरेच वाटले होते.

त्या संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता. चिरंजीव क्लासहून आले. एरवी ते चावी खुंटीच्या दिशेने भिरकावतात. त्या दिवशी त्यांनी ती अगदी अलगद अडकवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"बाबा, जरा धक्का लागला."

"कोणाला?"

"एक आजी होत्या. भाजीवाल्या. पडल्या बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"मी थांबलो नाही."

वाचकहो, यानंतर मी जो प्रश्न विचारला तो लिहिताना लेखणी अडखळते. 'त्यांना लागलं का?' असे मी विचारायला हवे होते. मी विचारले, "कोणी नंबर पाहिला का?"

स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिले, आत जाऊन गॅस बंद केला, छत्री घेतली आणि म्हणाल्या, "चला." मी चावीकडे हात नेला, तशा म्हणाल्या, "तिघं बसणार आहात का तीवर? चालत चला."

म्हातारी एका चहाच्या टपरीच्या आडोशाला बसली होती. गुडघा सोलून निघाला होता, मनगट सुजले होते. पालकाच्या आणि चुक्याच्या जुड्या चिखलात पसरल्या होत्या. टपरीवाल्याने पाणी दिले होते, हळद आणून लावली होती. "डॉक्टरकडं न्यायचं मनात आलं होतं साहेब," तो म्हणाला, "पण मग पोलीस मलाच विचारत बसणार. म्हटलं, नको ती भानगड." मी मान हलवली. त्याच्या जागी मी असतो तर पाणीसुद्धा दिले असते की नाही, कोण जाणे!

रिक्षा करून आम्ही म्हातारीला डॉक्टरकडे नेले. हाड मोडले नव्हते. मलमपट्टी झाली, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. मी खिशातून पाकीट काढले, तशी ती म्हणाली, "भाजीचं तेवढं द्या, त्ये माजं हाय. बाकी काय नको." मग चिरंजीवांकडे वळून म्हणाली, "आरं, थांबला असतास तर म्या काय तुला खाल्लं असतं व्हय?"

चिरंजीव रडले. सोळाव्या वर्षानंतर मुलगे आईबापांसमोर रडत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रात्री मी आमच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचे दार ठोठावले. म्हटले, एकदा कायदा तरी समजून घ्यावा. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "गाडी कोणाच्या नावावर?"

"हिच्या."

"आणि मुलगा?"

"तो... आमचा दोघांचा."

"मग दोघांनीही बसा," ते म्हणाले.

पुढचा तासभर त्यांनी जे सांगितले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या कामाचे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

लॉर्ड मेकॉले यांच्या मसुद्यावरून १८६० साली झालेला भारतीय दंडविधान कायदा १ जुलै २०२४ पासून गेला. त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'चारसोबीस' म्हणत आलो, तो गृहस्थ आता कलम ३१८ मध्ये राहायला गेला आहे. खुनाचे ३०२ गेले, १०३ आले. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवला तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. आता ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे एक पोटकलमही त्यात आहे. त्यावरूनच जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आपल्याला आठवत असेल. सरकारने तेवढे एक पोटकलम बाजूला ठेवून बाकीची संहिता लागू केली.

"म्हणजे पळून गेलं तर चालतं?" मी विचारले. विचारल्यावर लगेच जीभ चावली.

"छे! थांबायचं, जखमीला उपचार मिळतील असं पाहायचं, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४ मध्ये पहिल्यापासून आहे. ते कोणी वाचत नाही, एवढंच."

त्याच कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. वाढीव दंड आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले, आणि सर्वांच्या तोंडी दंडाचेच आकडे राहिले. पण त्या दुरुस्तीत दोन गोष्टी दंडाहून मोठ्या होत्या. एक, टपरीवाल्यासाठी. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी कसलाही खटला होऊ शकत नाही. त्याच्या मनात नसेल तर त्याला आपले नावगावसुद्धा सांगावे लागत नाही. आणि दुसरी आमच्यासाठी, कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर दोषी त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय धरून चालते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे.

"खुंटीवरची चावी ही खबरदारी धरत नाहीत," वकीलसाहेब म्हणाले.

घरी येऊन पडलो, पण झोप येईना. मला मे २०२४ मधली पुण्याच्या कल्याणीनगरची ती रात्र आठवली. भरधाव मोटारीखाली दोन तरुण संगणक अभियंते गेले. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. सारा देश संतापला. खटल्याविषयी मी बोलणार नाही, ते न्यायालयाचे काम. पण मी निबंध तपासणारा माणूस! आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चहाच्या कपागणिक विनोद झाले, आणि त्यांतले दोनतीन तर माझेच होते. त्या वेळी आमची चावी खुंटीवरच होती.

वीस वर्षे मी निबंध तपासतो आहे. मुले अपघातावर काय लिहितात ते मला पाठ आहे. 'अपघात झाला.' 'ब्रेक लागला नाही.' 'वाहनावरील ताबा सुटला.' सगळी वाक्ये शुद्ध, आणि एकातही माणूस नाही. आपली मराठी मोठी सोयीची भाषा आहे. 'फोडणे' जड वाटले की आपण 'फुटणे' वापरतो. कप मी फोडत नाही, तो माझ्या हातून फुटतो. पाडले कोणी नाही, म्हातारी पडली. धक्का दिला कोणी नाही, तो लागला. ही भाषा चिरंजीव कुठल्या पुस्तकात शिकले नाहीत. ती या घरातली भाषा आहे, आणि मी तिचा प्राध्यापक.

नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, ते कोणीही पाठ करील. खरा बदल त्या १९९ अ मध्ये आहे. ते एकच प्रश्न विचारते, वर्गात मी रोज विचारतो तोच: या वाक्याचा कर्ता कोण? आणि उत्तराची वाट न पाहता बापाकडे बोट दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांत जायला निघालो. चौकीच्या फाटकापर्यंत गेलो. आत दोनचार माणसे बाकावर बसली होती. मनात नाही नाही ते विचार आले. कॉलेजात कळले तर? हिच्या नावावर काही आले तर? मुलाचे पुढे कसे? पावसाचे निमित्त करून मी वळलो, एक कटिंग चहा घेतला आणि घरी आलो.

"जाऊन आलात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"जाणं झालं नाही," मी म्हणालो.

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झालं नाही, की गेला नाहीत?"

गणिताची पदवी घेतलेली बाई! व्याकरणातला प्रयोग तिने कधी शिकवला नाही, पण पकडला मात्र अचूक. मी काही वेळ गप्प बसलो. मग टेबलाशी जाऊन कागद ओढला. चोवीस तास भरायला अजून अवकाश होता.

असले लेखन मी कधी केले नव्हते. पहिली दोन वाक्ये 'काल सायंकाळी अपघात घडून आला' या थाटाची उतरली. ती खोडली. मग लिहिले, 'मी माझ्या अल्पवयीन मुलाला गाडी दिली.' खरे म्हणजे मी दिली नव्हती, त्याने घेतली होती. पण दोन वर्षे मी ती घेऊ दिली, म्हणजे दिलीच. व्याकरणदृष्ट्या हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद बिचारे गाडीप्रमाणेच चालते. पण कर्ता वाक्यात आहे, आणि पहिल्या जागी आहे. त्याखाली लिहिले, 'मुलाने एका वृद्धेला धक्का दिला आणि तो थांबला नाही.' हे वाक्य लिहायला मला पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागला.

पुढे कायद्याप्रमाणे जे व्हायचे ते होईल. निदान ते कोणामुळे झाले, हे आता आमच्या घरात कोणाला विचारावे लागणार नाही. चावी सौभाग्यवतींच्या कपाटात गेली आहे. चिरंजीव बसने क्लासला जातात आणि येताना त्या आजींची टोपली टपरीपासून त्यांच्या घरापर्यंत पोचवतात. नव्या संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आणली आहे. पण हे त्याला कोणी सांगितलेले नाही, मीही नाही. परवा त्याच्या पिशवीतून कोथिंबिरीची एक जुडी निघाली. विकत घेतलेली नव्हती.

पण मी त्या दुपारविषयी सांगत होतो. कागद पुरा झाला, मी सही केली. केव्हापासून चिरंजीव माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते, ते मला कळले नाही. हिने छत्री काढली. मी कागदाची घडी घालणार, तोच तो हळूच म्हणाला,

"बाबा, 'अल्पवयीन'ची वेलांटी दुसरी हवी."

मी पाहिले. खरेच, मी पहिली दिली होती. मी ती दुरुस्त केली, आणि आम्ही तिघे बाहेर पडलो.