मिरजेचं लाकूड, उणे चोवीसमध्ये

बाहेर उणे चोवीस असताना कुणाच्या घरी पोचलात, की दारातच बूट काढायचे, जाकीट खुंटीला अडकवायचं, हातमोजे खिशात कोंबायचे आणि मिळेल ती गरम कॉफी घ्यायची. युकुलेलेची केस मात्र उघडायची नाही. निदान तासभर तरी नाही. गार लाकडाला एकदम गरम हवा लागली की त्यावर दव धरतं, पॉलिश तडकतं. म्हणून केस दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवायची आणि जमलेली माणसं 'वाजवणार कधी?' अशा नजरेनं बघत असली तरी गप्पा मारत बसायचं.

जानेवारी २०२६मध्ये जवळजवळ तीन आठवडे मी अशी घराघरांतून बसले. ताल्लिन, हेलसिंकी, ओउलू, किरुना, नार्विक आणि शेवटी ट्रोम्सो. एस्टोनिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे असे चार देश, एक पाठपिशवी आणि दोन युकुलेले. थिएटरं वगैरे नव्हती. लोकांच्या बैठकीच्या खोल्या, एक ग्रंथालय, एक बालवाडी. राहायला जागा, जेवण आणि ऐकणारे देतील ते पैसे. टोपी फिरवायची सोय तिकडे फारशी उरलेली नाही, कारण खिशात रोख कुणाकडेच नसते. फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपला तिथलंच बँक खातं लागतं. मग यजमान सगळ्यांचे पैसे स्वतःच्या फोनवर घेणार आणि सकाळी निघताना माझ्या हातात पाकीट देणार. अशी पाकिटं जमवत मी उत्तरेला सरकत होते.

दोन युकुलेलेंपैकी धाकटी प्लॅस्टिकची. ती बर्फात पुरून ठेवली तरी तिला काही होत नाही. थोरली तूनच्या लाकडाची, मिरजेत बनलेली.

मिरज म्हटलं की सतार आणि तंबोरा. २०२४मध्ये या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. पण ही कला तिथे आली ती शिकलगारांच्या हातून. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं, तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. त्याच गल्लीतल्या एका वयस्कर कारागिराकडे माझ्या आईचा तंबोरा दुरुस्तीला जायचा. मी त्यांना चाचा म्हणते. तंबोरा घेऊन जगभर फिरणं मला परवडणारं नव्हतं. विमानात त्याला माझ्याइतकीच जागा लागते. मी चार तारांचं हे छोटं वाद्य धरलं तेव्हा चाचा पोटभर हसले. "बेटा, ह्याला भोपळा कुठाय?" मग आठ महिन्यांनी, एका तंबोऱ्याच्या तबलीतून उरलेल्या तुकड्यातून, त्यांनी मला एक युकुलेले करून दिली. त्यांनी केलेली ही पहिली आणि शेवटची. आता त्यांचे हात कापतात. करवत धरत नाहीत.

युकुलेलेचा जन्मही काहीसा असाच. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यात राबायला निघालेली माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांत नुनेस, दियास आणि एस्पिरितो सान्तो असे तीन लाकूडकाम करणारे होते. पुढे त्यांनी फर्निचरबरोबर मदैरातल्या छोट्या गिटारींसारखी वाद्यं करायला घेतली, तिथल्या कोआ लाकडात. राजा कालाकाउआला ती आवडली आणि दरबारात वाजू लागली. म्हणजे धंदा बदललेल्या, गाव सुटलेल्या माणसांनी हाताशी होतं त्या लाकडातून हे वाद्य घडवलं. तेही दमट, उबदार बेटावर. उणे चोवीसचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण माझा सगळा प्रवास त्यावरच हेलकावे खात होता. थंड हवेत पाणी मावत नाही. उणे वीसला एका घनमीटर हवेत जेमतेम एक ग्रॅम वाफ राहू शकते. एकवीस अंशांच्या खोलीत तेवढ्याच जागेत अठरा ग्रॅम मावते. बाहेरची हवा आत घेऊन नुसती तापवली, की ती कोरड्या स्पंजासारखी होते. माणसांच्या श्वासातून, भाजीच्या पातेल्यातून, ओठांतून, लाकडातून, मिळेल तिथून पाणी ओढते. लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. माझ्या केसमधला छोटा आर्द्रतामापक ओउलूच्या एका फ्लॅटमध्ये १८ दाखवत होता. मिरजेत जुलैमध्ये हाच काटा ८०च्या पुढे असतो.

चाचांना हे आकड्यांत सांगावं लागलं नव्हतं. निघण्याआधी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "लाकूड तोडलं तरी पाणी पितंच. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आकसतंय. त्याच्याशी भांडायचं न्हाई." मी विचारलं, "मग थोरली घरीच ठेवू का?" ते म्हणाले, "घरी ठेवायला केली व्हय?"

म्हणून मी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज घातला आणि ती केसमध्ये ठेवली. रोज सकाळी स्पंज भिजवायचा. यजमानांना विचारून त्यांचे धुतलेले कपडे माझ्या खोलीत वाळत घालायचे. ताल्लिनमधल्या आजींना वाटलं, पाहुणी भलतीच कामसू आहे. ही माझी युकुलेलेसाठीची सोय आहे, हे कळल्यावर त्यांनी कपाटातली तीन टॉवेलं उगीचच भिजवून आणली.

---

ताल्लिनहून हेलसिंकीला समुद्रावरून जायचं, साधारण ऐंशी किलोमीटर, दोनेक तास. बोटीच्या काचेबाहेर काळं पाणी आणि त्यावर तरंगणारे बर्फाचे पापुद्रे दिसत होते. हेलसिंकीत मला सगळ्यात सुखद धक्का बसला तो 'हे काय, छोटी गिटार का?' हा प्रश्न कुणीच न विचारल्याचा. पुण्यात हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळे विचारतात. फिनलंडमध्ये शाळेच्या संगीतवर्गात युकुलेले असते आणि ग्रंथालयांतून पुस्तकांसारखी वाद्यंही घरी नेता येतात. २०१८मध्ये उघडलेल्या ओदी या ग्रंथालयात तर वाजवायला वेगळ्या खोल्याच आहेत.

तिथल्या एका घरी माझ्यानंतर यजमानीणबाईंनी कांतेले वाजवलं. मांडीवर घ्यायचं पाच तारांचं वाद्य, सूरही पाचच. ओळीनं सा रे ग म प. फिनलंडच्या 'कालेवाला' महाकाव्यात ते पहिल्यांदा एका प्रचंड माशाच्या जबड्यातून बनतं, ते हरवल्यावर दुसरं बर्चच्या लाकडातून. त्यांनी काहीतरी अगदी हळू वाजवलं, एक सूर पूर्ण विरेपर्यंत दुसऱ्याला हात न लावता. मग मी थोरलीवर भूप वाजवला. संपल्यावर टाळ्या नाहीत. आधी मला वाटलं, आवडलं नसावं. मग लक्षात आलं की ते शेवटचा सूर जाईपर्यंत थांबलेत. दाराखिडक्यांना दुहेरी काचा, बाहेर बर्फानं रस्त्याचा आवाज गिळलेला. अशा शांततेत युकुलेलेचा सूर किती लांब जातो ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि तरीही ते वाद्य मुळात लहान आवाजाचं. मागे सोफ्यावर बसलेले लोक दुसऱ्या गाण्याला उठून पुढे आले आणि सतरंजीवर बसले. त्याच संध्याकाळी आधी मी धाकटी वाजवली होती, तेव्हा कुणी हललं नव्हतं.

दोघींत फरक काय? थोरलीची तबली दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची आहे. तार छेडली की ती थरथरते आणि त्या थरथरीचाच आवाज होतो. जाड केली असती तर तिला थंडीचं काही वाटलं नसतं, पण मग ती बोललीही नसती.

---

१४ जानेवारीला मी ओउलूत होते. हे शहर २०२६साठी युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांपैकी एक. तिथे एका मराठी जोडप्याच्या घरी कार्यक्रम होता. बारा-तेरा माणसं, त्यातली निम्मी फिनिश. ताटलीत सांगलीहून आलेला तिळगूळ. खिडकीबाहेर दुपारी तीनच्या आधीच दिवस संपलेला. तिथे त्या दिवशी सूर्य पाच तासही नव्हता. यजमानांच्या सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आई, संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे निघतो ना? मग आपल्याकडे कधी पोचणार?" सगळे हसले. तिच्या आईनं सांगितलं, तो डिसेंबरच्या एकवीस-बावीसलाच वळलाय, आपण सण उशिरा करतो. मुलीचं समाधान झालं नाही. माझंही नाही. मी त्याच दिशेनं निघाले होते, पण जसजशी वर जात होते तसतसा दिवस लहान होत होता.

पुढे तोर्नियोपर्यंत बस. तोर्नियो फिनलंडमध्ये, हापारांडा स्वीडनमध्ये, पण दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली. चालत सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं आणि रेल्वेचे रूळ नऊ सेंटिमीटरनी अरुंद होतात. पुढचं मात्र तसंच: तोच बर्फ, तीच कोरडी हवा.

किरुनात पोचल्यावर तासभर थांबून केस उघडली आणि हात जागीच थांबला. घोडीच्या खालच्या बाजूनं तबलीला रेघ पडली होती. केसाएवढी, पण बोटभर लांब. आर्द्रतामापक २२वर. स्पंज सकाळीच भिजवलेला होता. काटा काय सांगतोय ते मला रोज दिसत होतं, आणि दोन आठवडे लाकडानं जमेल तेवढं सोसलंही होतं. मी तार छेडली. मध्येच एक खरखर ऐकू आली, फुटक्या कपासारखी.

त्या रात्री मी धाकटीवर कार्यक्रम केला. लोक चांगले होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही. डोक्यात एवढंच, की हे करणारे हात आता दुसरी करू शकत नाहीत.

सकाळी यजमान मला एका निवृत्त शिक्षकांकडे घेऊन गेले. स्वीडनच्या शाळांत हस्तकला हा सक्तीचा विषय आहे, आणि यांनी अनेक वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलेलं. त्यांनी तबलीवरून अंगठा फिरवला, लाकडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, तून, महोगनीच्या भाऊबंदांपैकी. त्यांनी मान हलवली आणि दुरुस्तीची हत्यारं काढायच्या ऐवजी प्लॅस्टिकचा एक मोठा डबा काढला. त्यात ओलं फडकं, वर जाळी, जाळीवर युकुलेले. झाकण लावून म्हणाले, "परवा ये."

ते दोन दिवस मी किरुना पाहत हिंडले. लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून हे शहरच उचलून दुसरीकडे नेत आहेत. १९१२चं लाकडी चर्च २०२५च्या ऑगस्टमध्ये, ६७२ टनांचं, अख्खंच्या अख्खं पाच किलोमीटर सरकवलं. त्याला दोन दिवस लागले. नव्या जागेवरचं ते लालसर चर्च मी लांबून बराच वेळ बघितलं. तेवढं मोठं लाकूड जागा बदलून उभं राहिलं होतं, याचा मला उगीचच धीर आला.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा रेघ जवळजवळ मिटलेली. लाकडानं पाणी प्यालं होतं. मग त्यांनी स्टोव्हवर पाण्याच्या भांड्यात एक लहान डबी ठेवली, त्यात पिवळट दाणे वितळवले. त्या वासानं मी एकदम मिरजेच्या गल्लीत पोचले. सरस! जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद. चाचांच्या दुकानातही हाच वास असतो. मी विचारलं, नवीन गोंद का नाही? ते म्हणाले, "हा ओलाव्यानं आणि उष्णतेनं पुन्हा सुटतो. पुढे कुणाला दुरुस्त करायचं असेल तर त्याची वाट बंद करायची नाही." आतून, रेघेला आडव्या, त्यांनी स्प्रूसच्या दोन बारीक चिपा चिकटवल्या. पैसे घेतले नाहीत. एक गाणं मागितलं. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, माना डोलावल्या नाहीत. तबलीकडे बघत राहिले.

---

नार्विकपर्यंत रेल्वे, पुढे ट्रोम्सोला बस. ट्रोम्सो आर्क्टिक वर्तुळाच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. नंतरही काही दिवस तो डोंगराआड राहतो. २१ जानेवारीला लोक त्याचं स्वागत करतात. त्या दिवशी 'सूलबोल्ले' खातात, म्हणजे सूर्याचे गोल, गोड पाव. ओउलूच्या त्या मुलीनं दिलेला तिळगुळाचा पुडा माझ्या पिशवीत होता. मी तो बालवाडीत पावांच्या शेजारी ठेवला. पोरांना तीळ दातात अडकल्याची गंमत वाटली.

ढग होते. सूर्य दिसला नाही. डोंगराच्या कडेला आकाश थोडं पिवळं झालं, शिक्षिकेनं बोट दाखवलं, पोरांनी आरडाओरडा केला आणि दुसऱ्या मिनिटाला ती पुन्हा बर्फात लोळायला लागली. आत आल्यावर मी थोरली वाजवली. ती वाजली. खालच्या सुरांत थोडी जड झाली होती, पण वाजली. पोरं अंगावर येऊन बसली, दोघांनी तबलीला हात लावून ती थरथरते का बघितलं.

त्याचं रेकॉर्डिंग मी चाचांना पाठवलं. रेघेबद्दल काही लिहिलं नाही; त्यांना आधी नुसतं ऐकू द्यावं असं वाटलं. मिरजेत रात्र झाली असेल. थोड्या वेळानं त्यांच्या नातवाच्या फोनवरून आवाजातला निरोप आला.

"तबली उघडली होती वाटतं. सरसच लावलाय न्हवं?"

मी 'हो' लिहिलं. मग त्यांनी विचारलं, तिकडे जेवायला काय मिळतंय.