भरले बटाटे

बटाटा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि नावासकट मराठी झाला. आमच्या लालबागच्या बिऱ्हाडात मात्र त्याला मान मिळाला तो १९८२ साली. त्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांत आमचे वडीलही होते. दिवाळी आली तेव्हा पगार बंद होऊन दहा महिने होत आले होते.

पाडव्याच्या सकाळी आईने वडिलांना ओवाळले. तबकात नुसती सुपारी पडली. आई काही बोलली नाही, शेगडीकडे वळली.

तिने चार बटाटे उकडून अर्धे कापले आणि गर कोरून काढला. सारणाला खोबरे नव्हते. काजूंचे तर नावच नको. तोच गर मिरची, मीठ, कोथिंबीर घालून कुस्करला व पुन्हा सालींच्या द्रोणांत दाबून भरला. मग जाड तव्यावर थेंबभर तेल, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खरपूस वास चाळीभर गेला.

"आत काय भरलंय?" वडिलांनी विचारले.

"बटाटाच!"

कितीतरी दिवसांनी वडील हसले. आम्हां तीन भावंडांना दोन-दोन आणि वडिलांना दोन वाढून तवा रिकामा झाला होता. वडील उठले तेव्हा त्यांच्या ताटात उपडी वाटी होती. आईने ती उचलली. खाली एक अख्खा भरला बटाटा होता.

आज माझ्याकडे ओव्हन आहे, चीजही आहे. पण दर पाडव्याला मी बटाट्यात बटाटाच भरते. आईची त्या वर्षीची ओवाळणी तीच होती.