जमेच्या बाजूला

अण्णांच्या कानावर कायम सुताराची चपटी लाल पेन्सिल असे. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कोयते, पत्रे, ताडपत्री. दुकानाचा हिशेब ते शाईने लिहीत. पेन्सिल फळीवर खूण करायला आणि रोजकीर्दीच्या शेवटच्या दहा-बारा पानांसाठी. पाडव्याला नव्या वहीची पूजा झाली की ती पानं मोजून ते दोऱ्याने वेगळी बांधत. तिथंही डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रकमेच्या जागी मात्र पक्षी, झाडं, पाऊस.

‘जमा : नवरंग १. ७ जून, पहाटे, गोवळकोटच्या अंगाला.’

नवरंग पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, वीण उरकून दक्षिणेकडे जातो. दिसतो क्वचित, रानात पाचोळा उलटत फिरणारा पक्षी तो. दोन सुरांची शीळ तेवढी ऐकू येते. ती ऐकली की त्या दिवशी अण्णा दुकान उघडताच ताडपत्रीचे गठ्ठे पुढे काढत. हा पक्षी आमच्या दुकानाला निरोप द्यायलाच येतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

पक्षितज्ज्ञ सलीम अली तरुणपणी ब्रह्मदेशात तवायला घरच्या खाणींच्या आणि लाकडाच्या धंद्यात होते, तो धंदा पुढे बसला, हे अण्णांनी कुठंतरी वाचलं होतं. ‘मला दोन्ही सांभाळायचंय,’ ते म्हणत. घरात आम्ही तीन भावंडं, आजी, आई. सांभाळण्याला पर्याय नव्हताच. पण ते कर्तव्य म्हणून सांभाळत नव्हते, हे मला त्या वहीमुळे कळलं.

धंद्यात ते एकाच जागी अडून बसत. उन्हाळ्यात नदी आटली की कोंडींमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. मासे, खेकडे, त्यांची पिल्लं, सगळंच तडफडत वर येतं. एप्रिल लागला की गल्ल्यावरून प्रश्न ठरलेला : ‘विहिरीला की कोंडीला?’

‘विहिरीला, अण्णा.’

‘पाणी किती आहे?’

हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. अण्णा पेन्सिलीने पुठ्ठ्यावर गुणाकार मांडत आणि पाच किलो मागणाऱ्याच्या हातात छोटी पुडी ठेवत. गिऱ्हाईक कधी हसे, कधी चिडून दुसरीकडे जाई. आईला ते गेलेलं गिऱ्हाईक दिसे. ती बोलत नसे. रात्री जेवायला वाढताना अण्णांच्या पानात मात्र आधी वाढी. मला आजही वाटतं, आमच्या घराची खरी पत त्या पुडीत होती.

दुकान सणावाराखेरीज बंद नसे. मंडणगडजवळच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्याच संस्थेने 2002 मध्ये समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. त्यानंतरच्या एका मार्चमध्ये अण्णांनी चक्क कुलूप लावलं. मी पुण्याहून आले होते; धाकट्यांसकट सगळे एसटीने गेलो. किनाऱ्यावर घरट्यावरची पाटी उचलली, तर वाळूतून ऑलिव्ह रिडलेची तळहाताएवढीही नसलेली पिल्लं वर येत होती. ती समुद्राकडे सरकू लागली. एक लाट काहींना घेऊन गेली, काहींना उलटी मागे टाकून गेली. उचलून ठेवायला भाऊ वाकला, तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला. ‘त्याचं त्याला चालू दे.’ शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नव्हता.

‘जमा : पिल्ले ३१. सगळी गेली.’

नावेच्या बाजूलाही नोंदी असत. महामार्गाच्या रुंदीकरणात जुनी झाडं तुटली, तेव्हा ‘नावे : वड ७’ एवढंच. त्याखाली आठवडाभर काही नाही.

अण्णा गेल्यावर वह्या माळ्यावरून खाली, दुकानातल्या कपाटात आल्या. जागा हवी होती, दुसरं कारण नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. 2005 च्या पुराची खूण अण्णांनी भिंतीवर पेन्सिलीने करून ठेवली होती. पाणी तिच्याही वर गेलं. ओसरल्यावर मी पुण्याहून पोहोचले, तेव्हा भाऊ गुडघाभर चिखलात उभा होता. कपाट आडवं पडलं होतं.

वह्या फुगून लाद्यांसारख्या झाल्या होत्या. आम्ही एकेक पान सोडवून दोरीवर टाकलं. पुढच्या पानांवर निळे ओघळ. कोणाची उधारी, कोणाचा भरणा, काही कळेना. शाई धुऊन गेली होती. मग मागची पानं सुकू लागली. पेन्सिलीचं शिसं पाण्याला बधलं नव्हतं. नवरंग, तिबोटी खंड्या, पळसाला आलेलं पहिलं फूल, भावाचा पडलेला दात, सगळं जागच्या जागी.

त्यातच मी कॉलेजला गेले त्या वर्षीचं पान हाताला लागलं. ‘नावे : थोरली, पुण्यास. सकाळी नवरंग ओरडला, ऐकायला कोणी थांबले नाही.’ पान उलटलं. गणपतीच्या आदल्या दिवशी जमेच्या बाजूला तेच नाव होतं, आणि त्यापुढे एसटी लागल्याची वेळ, मिनिटासकट.